हेमासाठी आणलेला टॉर्च

मुजावरांनी दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं आणि भर दुपारी आत अंधार झाला.

"हां, आता लावा," ते म्हणाले.

मी पिशवीतून कढीलिंबाची फांदी काढून काउंटरवर ठेवली. सकाळी आजऱ्याहून निघताना परसातल्या झाडाची तोडली होती, देठाला ओलं फडकं गुंडाळलं होतं आणि कोल्हापूरपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणली होती. फांदीवर एक अळी होती. करंगळीएवढी, पानांच्याच हिरव्या रंगाची. फांदी आणली ती तिच्यासाठीच.

लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात मुजावरांचं हे दुकान होतं. टॉर्च, कंदील, सेल आणि त्यांची दुरुस्ती. मुजावर साठी उलटलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. रात्री उसाला पाणी पाजणारे येतात, रखवालदार येतात, ट्रकवाले येतात, पण बॅटरी घ्यायला अळी घेऊन आलेलं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत पहिलंच, असं ते म्हणाले. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, रात्री झाडाझुडपांत किडे शोधायला मुठीत मावेल असा छोटा टॉर्च हवाय, आणि एक नाही दोन हवेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सात-आठ टॉर्च ओळीने मांडले.

पहिला दिसायला फार देखणा होता. डाळिंबी रंगाचा, गुळगुळीत, लिपस्टिकच्या डबीसारखा. लावला तर निळसर पांढरा, डोळ्यात घुसणारा झोत. फांदीवर एक लहानसं वर्तुळ पडलं आणि त्या वर्तुळातली पानं स्टीलच्या ताटलीसारखी चमकायला लागली. अळी कुठे बसली आहे हे मला माहीत होतं, तरी ती शोधावी लागली.

चौथा होता काळा, बुटका, एका सेलवर चालणारा. त्याच्या कड्यावर अंगठा फिरवला की उजेड कमी-जास्त व्हायचा. अगदी कमी केला तर पिवळसर, मऊ उजेड सगळ्या फांदीभर सारखा पसरला. जुन्या पानांचा हिरवा वेगळा, कोवळ्या पालवीचा वेगळा दिसला. अळीची सावली तिच्या पोटाखाली पडली आणि तिचं गोल अंग पानापासून सुटून वर आलं.

"ही काय बसलीया," मुजावर चष्मा खाली न घेताच म्हणाले. "मग ह्याच दोन बांधू?"

"एक ही," मी म्हणालो. "आणि एक ती." मी डाळिंबीकडे बोट दाखवलं.

मुजावरांनी ती उचलली, पण कागदात गुंडाळली नाही.

"सायेब, ही किड्यांसाठी नको. सायकलला बरी. लांबचं दावती, जवळचं खाती."

"असू दे."

"तुमच्यासाठी?"

"घरी हवीय," मी म्हणालो.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. घरी म्हणजे माझ्या बायकोसाठी. तिचं नाव हेमलता.

हेमा दहावीपर्यंत शिकलेली. घरी ब्लाउज शिवायची, आणि आरीच्या भरतकामात तिचा हात असा होता की नवरीच्या ब्लाउजसाठी गडहिंग्लजहून बायका तिच्याकडे यायच्या. किड्यांचं वेड माझं. पंधरा वर्षं मी रात्री जेवण झाल्यावर आजऱ्याच्या आसपासच्या रानात हिंडायचो. कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानात माझं सदर यायचं. तालुक्यात मला 'किडेवाले केसरकर सर' म्हणायचे, आणि ते मला आवडायचं.

हेमा या सगळ्यात आली ती अगदी सहज. एका संध्याकाळी मी परसात काहीतरी टिपून घेत होतो. ती जेवायला बोलवायला आली, हातात तिच्या वडिलांची जुनी पत्र्याची, पिवळ्या दिव्याची बॅटरी. परसाच्या फाटकाशी, बेड्याशी थांबून म्हणाली, "हे पान कुणीतरी दुमडून टीप घातलीय." मी बघितलं. करंजाच्या एका पानाची कड दुमडून बारीक रेशमी टाक्यांनी शिवलेली होती. पान उलगडलं तर आत एक तांबूस रातकिडा, पान शिवून आत दिवस काढणारा. मी त्याच्याबद्दल फक्त वाचलं होतं. त्या करंजाखालून मी पंधरा वर्षं ये-जा करत होतो.

त्यानंतर ती माझ्याबरोबर यायला लागली. तिला एकाही किड्याचं नाव माहीत नव्हतं. पण ती झाडासमोर उभी राहायची, तो पिवळा मिणमिणता उजेड हळूहळू पानांवरून फिरवायची आणि म्हणायची, "इथे कायतरी बिघडलंय." म्हणजे पानांच्या नक्षीत एक पान चुकीचं आहे. ते पान म्हणजे नाकतोडा असायचा. ती काडी म्हणजे काडीकिडा. पहिल्या वर्षी मला मौज वाटली. दुसऱ्या वर्षी मी मनातल्या मनात मोजायला लागलो, आज तिला किती दिसले आणि मला किती. सदरात मात्र मी लिहायचो, 'मला दिसला.' ती सदर वाचायची, कात्रण कापून वहीत चिकटवायची आणि कधी काही बोलली नाही. नावं आणि माहिती माझीच असायची, तेव्हा यात काही खोटं नाही अशी मी माझी समजूत घातली होती.

मग डॉ. नाडगौडा आल्या. पुण्याच्या एका संस्थेत त्या नाकतोडे आणि रातकिड्यांवर काम करत. माझं सदर वाचून मला भेटायला म्हणून आल्या होत्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. एक रात्र आम्ही तिघं रानात हिंडलो. परत येताना त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. हेमाच्या बरोबरीने चालत तिला विचारत होत्या, तुम्हाला नेमकं काय दिसतं, आधी आकार दिसतो की रंग. हेमा हसून म्हणत होती की तिला सांगता येत नाही, चुकलेला टाका जसा दिसतो तसं दिसतं. मी दहा पावलं मागून चालत होतो.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं. ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांची पाहणी करायची आहे, तुम्ही दोघांनी बरोबर असावं. अहवालात दोघांची नावं जातील. मॅडमची जुनी बॅटरी आता टिकणार नाही, तेव्हा चांगला छोटा टॉर्च घेऊन ठेवा. उजेड पिवळसर असावा, पसरट असावा, कमी करता यावा. अगदी बरोबर सगळं लिहिलं होतं. आणि पाकिटावर पत्ता होता: सौ. हेमलता केसरकर व श्री. सदानंद केसरकर.

मी ते पाकीट किती वेळ हातात धरून उभा होतो ते मला आठवत नाही.

डाळिंबी टॉर्च मी हेमाच्या हातात ठेवला तेव्हा ती शिलाई मशीनवर होती. मी तिच्यासाठी काही वस्तू आणण्याची ती कितीतरी वर्षांतली पहिली वेळ असेल. तिने तो उलटसुलट करून बघितला, लावला, भिंतीवर पांढरा गोळा पाडला. "केवढा लख्ख आहे," ती म्हणाली. मी सांगितलं की चार दुकानं फिरून आणलाय, नव्यातला नवा आहे, सूर्याच्या उजेडासारखा पांढरा. ती म्हणाली, "तुमचा पिवळा दिसतो." मी म्हणालो, माझा साधा आहे, मला चालतो. विज्ञानाच्या मास्तराने सांगितलं, तिने मानलं. दोन दिवसांत तिने त्या टॉर्चला राणी रंगाच्या कापडाची पिशवी शिवली, वर आरीने छोटी वेलबुट्टी काढली आणि गळ्यात अडकवायला गोंड्याची दोरी लावली.

मग आम्ही रानात जायला लागलो आणि तिला काही दिसेना.

पहिल्या दोन-तीन वेळा ती म्हणाली की आज दिवसच तसा आहे. नंतर गप्प व्हायला लागली. झाडासमोर पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ उभी राहायची, पांढरा झोत एकेका पानावर नेऊन टेकवायची. चमचमणाऱ्या पानांपलीकडे सगळं काळंमिट्ट. दोन हातांवर माझ्या पिवळ्या उजेडात मला नाकतोडा दिसायचा. मी म्हणायचो, "हा बघ." ती यायची, बघायची आणि म्हणायची, "अगंबाई, माझ्या डोळ्यासमोरच की." एकदा तिने माझा टॉर्च मागितला. सेल उतरलेत, असं सांगून मी तो खिशात घातला.

त्या उन्हाळ्यात माझं सदर फार छान झालं. लोकांचे फोन आले.

मे महिन्यात हेमाने विचारलं की आपण गडहिंग्लजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या का. मी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, चाळिशीचा थोडा नंबर आहे म्हणाले, बाकी डोळे उत्तम. चष्मा केला. चष्मा लावूनही रानात तिला काही दिसलं नाही. तेव्हा तिला वाटलं की डॉक्टरांना कळलं नसेल. तिने नवरीच्या ब्लाउजचं एक काम परत केलं, मग दुसरं. साधे ब्लाउज शिवायची, पण आरी बाजूला ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "टाका चुकला तर कुणाच्या लग्नाचा विचका होईल."

त्या दिवशी मला सांगता आलं असतं. जून होता, ती खिडकीशी बसून दोरा ओवत होती, आणि माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण सांगायचं म्हणजे का केलं तेही सांगावं लागणार. आणि दुसरंही एक होतं, ते आज लपवत नाही. ती चाचपडताना बघून मला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी बरंही वाटायचं.

ऑक्टोबरात डॉ. नाडगौडा आल्या. पहिल्या रात्री आम्ही तिघं डोंगराच्या पायवाटेने निघालो. तासभर झाला. मला तीन नाकतोडे दिसले, बाईंना चार-पाच. हेमाला एकही नाही. बाई मधूनमधून थांबून तिच्याकडे बघायच्या. शेवटी हेमाच म्हणाली, "मॅडम, मी तुमचा वेळ घेतेय. माझे डोळे गेले आता. मी उद्यापासून नाही आले तर चालेल का?"

बाईंनी हात पुढे केला. "तुमचा टॉर्च बघू."

हेमाने पिशवीतून काढून दिला. बाईंनी तो समोरच्या एका झुडपावर धरला, हातभर अंतरावरून. "काय दिसतं?"

"पानं," हेमा म्हणाली.

बाईंनी तो बंद केला आणि स्वतःचा लावला. माझ्या टॉर्चसारखाच पिवळसर, मंद. हेमा वाकली. मग तिने बोट पुढे केलं, आणि बोटासमोर एका फांदीवर पानासारखा हिरवा नाकतोडा बसलेला होता, शिरांसकट पान. "आणि तो एक," ती म्हणाली, "आणि खाली, ती काडी नाही." तिने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला आणि हसायला लागली. वाटेवर खालीच बसली. "माझे डोळे आहेत," ती मला म्हणाली. "अहो, माझे डोळे आहेत जागेवर."

बाईंनी विचारलं, "हा टॉर्च कुणी निवडला?"

"यांनी. चार दुकानं फिरून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या टॉर्चकडे. बराच वेळ.

"दुकानदाराने हाच चांगला म्हणून दिला," मी म्हणालो.

बाईंनी नजर काढून घेतली आणि त्या पुढे चालायला लागल्या. हेमाला मात्र माझं पटलं. घरी येईपर्यंत ती दुकानदारालाच बोलत होती. साधा माणूस बघून एक चांगला दिला आणि एक न खपणारा गळ्यात मारला, वर मास्तर म्हणून यांना चार शास्त्राच्या गोष्टीही सांगितल्या असतील. माझी बाजू घेऊन ती इतकी चिडली होती की मी अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो.

पाहणीत मधे एक दिवस सुट्टीचा होता. हेमा म्हणाली, आपण कोल्हापूरला जाऊ. मी नाना कारणं काढली. सात महिने झाले, तो काही बदलून देणार नाही, दुकान कुठल्या बोळात होतं तेही नीट आठवत नाही. ती म्हणाली, "बदलून नकोच मला. त्याला तोंडावर सांगायचंय." मी पुन्हा नाही म्हटलं असतं तर ती एकटी गेली असती. बोळाचं नाव पावतीवर होतंच.

मुजावरांनी मला पाहिल्याबरोबर ओळखलं. अळी घेऊन आलेलं गिऱ्हाईक कोण विसरेल. "या सायेब," म्हणाले, आणि मग माझ्यामागे हेमाला बघून उठून उभे राहिले.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. हेमाने गळ्यातली पिशवी काढली, त्यातून डाळिंबी टॉर्च काढला आणि काउंटरवर ठेवला. ती ओरडली नाही. ओरडणं तिच्या स्वभावात नाही. तिने सांगितलं की हे शिक्षक आहेत, यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला, किड्यांसाठी हवी असं सांगून बॅटरी घेतली, आणि तुम्ही ही दिलीत. सात महिने मी माझे डोळे गेले असं समजत होते. माझं हातचं काम मी सोडलं. तुमच्यासाठी ती एक विक्री असेल, माझं काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून आलेय.

मुजावर ऐकत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली, त्या राणी रंगाच्या पिशवीकडे, तिच्यावरच्या वेलबुट्टीकडे. त्यांनी ती बोटाने जरा सरळ केली. मी वाट बघत होतो की आता ते बोलतील, आणि त्यांनी बोलावं तेच बरं, असंही मला वाटत होतं.

"चुकलं बाई," मुजावर म्हणाले. "माझ्याकडनं चुकलं. बघून द्यायला पायजे होती."

दोन्ही गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघायला लागली. चाळीस वर्षं त्या बोळात दुकान चालवलेला माणूस, माझी ओळख अर्ध्या दुपारची, आणि तो मान खाली घालून उभा होता. हेमाचा राग उतरला. ती म्हणाली, "तुमच्या वयाकडे बघून मी जास्त बोलत नाही." गोष्ट तिथे संपत होती. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त आणखी थोडा वेळ गप्प राहायचं होतं. सात महिने जमलं होतं.

"त्यांनी सांगितलं होतं मला," मी म्हणालो.

हेमा वळली.

"ही घेऊ नका, असं सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी फांदी आणून बघितली होती."

मुजावरांनी काउंटरखालून एक स्टूल काढून हेमाच्या दिशेने सरकवलं. ती बसली नाही.

"यांना काय म्हणाला होतात तुम्ही?" तिने मुजावरांना विचारलं.

"जाऊ द्या बाई."

"सांगा."

"सायकलला बरी, म्हटलं. लांबचं दावती, जवळचं खाती."

हेमाने मान हलवली, जसं एखाद्या ब्लाउजचं माप ऐकून हलवायची. मग तिने मुजावरांची माफी मागितली, त्या दोन गिऱ्हाइकांच्या समोर, मघाशी बोलली होती तितक्याच आवाजात. आणि म्हणाली, "मला बॅटऱ्या दाखवा. शटर खाली घ्या."

गिऱ्हाइकं गेली. शटर खाली आलं. मी अंधारात भिंतीला टेकून उभा राहिलो. तिच्याकडे फांदी नव्हती. तिने साडीचा पदर काउंटरवर पसरला आणि एकेक टॉर्च त्याच्या काठावर धरून बघितला. बुट्टीवर, उलट्या बाजूच्या धाग्यांवर, मग स्वतःच्या तळहाताच्या रेषांवर. कुणाला काही विचारलं नाही. अर्धा तास लागला असेल. शेवटी तिने जो घेतला तो माझ्या टॉर्चपेक्षाही छोटा होता आणि मला तो दिसलाही नव्हता.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. कागल गेलं, निपाणी गेलं. उत्तूरच्या अलीकडे तिने विचारलं, "का?"

मी सांगितलं, "पाकिटावर तुझं नाव आधी होतं."

"एवढंच?"

मला आणखी सांगता आलं असतं, तीन वर्षांचं मोजणं, दहा पावलं मागून चालणं. पण खरं विचारलं तर एवढंच होतं. मी म्हणालो, "एवढंच."

ती बाहेर बघतच म्हणाली, "दिवाळीनंतर मी तुम्हाला भाकरी करायला शिकवणार होते. मला अगदीच दिसेनासं झालं तर तुमचं कसं व्हायचं म्हणून. गारगोटीच्या माझ्या अक्काशी बोललेही होते, आधी पीठ मळायला शिकवू की थापायला, ते."



उरलेले पाच दिवस ती डॉ. नाडगौडांबरोबर एकटी गेली. मी आलो नाही तर चालेल का, असं मी विचारलं नाही. तिने मला येऊ नका असं सांगितलं. मी घरी बसायचो. पाहणीचा अहवाल वर्षभराने आला, त्यात तिचं नाव होतं, माझं नव्हतं, आणि ते योग्यच होतं. सदर मी बंद केलं. संपादकांनी कारण विचारलं तर सांगितलं की मला आता फारसं दिसत नाही. ते खोटं नव्हतं.

हेमाने घर सोडलं नाही, बोलणंही टाकलं नाही. पण जवळपास दोन वर्षं तिने मला एकही किडा दाखवला नाही. परसात जायची, तासभर हिंडायची, परत येऊन वहीत काहीतरी लिहायची, वही कपाटात ठेवायची. मी ती वही कधी उघडली नाही. कुलूप नसलेल्या कपाटातली वही न उघडणं हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते मलाच माहीत. मुजावरांकडे मी एकदा एकटा जाऊन आलो. मी बोलायला लागलो तर त्यांनी चहा मागवला आणि उसाच्या दराचं काढलं.

माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. लोकांना वाटतं की एकदा कबूल केलं की माणूस धुतला जातो. तसं काही होत नाही. तिला तिलारीहून, राधानगरीहून बोलावणी यायला लागली तेव्हा प्रत्येक फोनच्या वेळी मला आत टोचायचं. बाजारात लोक मला 'केसरकर मॅडमचे मिस्टर' म्हणायला लागले तेव्हाही. आजही टोचतं. फरक पडला तो एका संध्याकाळी.

ती तिलारीहून चार दिवसांनी परत आली होती. पाय धुतले, पाठ टेकली, आणि काही न बोलता मोबाईल माझ्यासमोर धरला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच. फोटोत एक काडीकिडा होता, शेवाळाने मढल्यासारखा, असा मी पुस्तकातही पाहिला नव्हता. मी बराच वेळ बघत राहिलो. कौतुकाचे शब्द तयार होते, ते खरेही होते. पण आधी दुसरंच काहीतरी वर आलं होतं, आणि ते गिळायचं नाही असं मी ठरवलं.

"हेमा," मी म्हणालो, "मला जळायला होतंय."

तिने मोबाईल काढून घेतला. चष्मा नाकावर सरकवून माझ्याकडे नीट बघितलं, जशी ती झाडाकडे बघते.

"दिसतंय," ती म्हणाली. "चहा ठेवा, मग सांगते कुठे सापडला."